धुराची आगाऊ सूचना

आमच्या हिच्या मामांइतका प्रामाणिक आणि त्यांच्याइतका निरुपयोगी सरकारी माणूस अख्ख्या मद्रासेत दुसरा झाला नसेल. मामा मूळचे तंजावरकडचे मराठी, आणि आरोग्य खात्यात निरीक्षक. कोणाची म्हैस रस्त्यात बसली, कोणाचं गटार तुंबलं, कोणाच्या चुलीचा धूर शेजारी गेला, की मामा नोटीस घेऊन हजर! कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या म्हातारीला त्यांनी धुराबद्दल तीनदा नोटीस दिली. तिला वाचता येईना, म्हणून तमिळमध्ये मोठ्यानं वाचूनही दाखवली आणि मग तिथंच बाकावर बसून चार इडल्या खाल्ल्या. वर मला म्हणतात, "कायदा कायद्याच्या जागी, इडली इडलीच्या जागी, जावईबापू."

बरं, खरा धूर कुठला, हे मामा राहायचे त्या नुंगंबाक्कमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मामांच्या परसाला लागूनच उकड्या तांदळाची गिरणी होती. तिचा बॉयलर दिवसभर भाताचं तूस जाळायचा आणि काळी राख दोरीवरच्या धोतरांवर, पाण्याच्या हंड्यात, मामींच्या छातीत जाऊन बसायची. मामींना दमा. बिचारी खिडक्या लावून आत धापा टाकत असायची. आणि नवरा कोण, तर धूर पकडणारा निरीक्षक! आता गिरणी तपासायची तर तीन दिवस आधी मालकाला लेखी कळवायचं, असा खात्याचा नियम. असले नियम करणाऱ्यांना शहाणे म्हणायचं आणि आपण टॅक्स भरायचा. मामा सोमवारी नोटीस द्यायचे, गुरुवारी छत्री घेऊन पोचायचे. बॉयलर अर्थातच थंडगार. मालक हसत कॉफीचा पेला पुढं करायचा. मामा ती नाकारून, धूर किती काळा ते ताडायचा, काळ्याकरड्या छटांचे चौकोन असलेला खात्याचा पुठ्ठा निळ्याभोर आकाशासमोर धरायचे आणि लिहायचे, 'धूर आढळला नाही.'

"अहो मामा, चोराला आधी कळवून कोणी चोर पकडतं का?" मी एकदा वैतागून म्हटलं. "खड्ड्यात घाला तो नियम!"

"अय्यो! आणि खड्डा बुजवायला कुठल्या नियमानं जायचं?"

अशा माणसापुढं डोकं फोडून काय उपयोग! पण तपासणीच्या एका गुरुवारी मी त्यांच्याकडं गेलो, तर मामी गच्चीवर. स्वतः जिना चढून सांडगे वाळत घालत होत्या, एकीकडे हिच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होत्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. मामा कठड्याशी उभे राहून नुसते त्यांच्याकडं बघत होते. त्यानंतर त्यांना जणू झपाटलं. दर सोमवारी नोटीस, दर गुरुवारी तपासणी! कचेरीत सगळे हसले, मीही हसलो. "इतक्या वेळा जाऊन एकदा तरी धूर सापडला का?" मी खोचकपणे विचारलं.

"सापडायला कशाला हवा? गुरुवारी ती जेवते हो पोटभर," मामा म्हणाले.

मग मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आला एक हुशार तरुण. त्यानं साहेबांकडून आगाऊ सूचनेचा नियमच रद्द करून घेतला, अचानक धाड घातली आणि पहिल्याच दिवशी धूर पकडला. काय ती वाहवा! मालकानं दुपारी दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बॉयलर पेटवला. पुढं पंधरवड्याला एक दंड आणि रोजचा धूर, गुरुवार धरून. खात्याच्या दप्तरी मात्र ही मोठी प्रगती.

एके दिवशी मामा माझ्या रेल्वेच्या हापिसात आले. कधी न येणारा माणूस. टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडं टायपरायटर आहे. एक नोटीस टाइप करून द्या. सही मी करतो. नोटीस बघितली की गिरणीवाला सवयीनं बॉयलर बंद करील. एका गुरुवारपुरती."

मी हसलोच. "मामा, दोघंही तुरुंगात जाऊ. आणि तुम्ही सांगताय हे?"

"सरी, सरी. बरं तर," ते म्हणाले. खुर्ची पुन्हा नीट लावून ठेवली आणि गेले.

महिन्याभरात ते मामींना घेऊन तंजावरला मुलीकडं गेले. मामी तिथं पावसाळ्यापर्यंत होत्या, मग दम्यानंच गेल्या. मामांच्या भाबडेपणावर मी जन्मभर हसलो, ह्या कचेऱ्यांवर अजूनही थुंकतो. पण काम चार ओळींचं होतं, टायपरायटर समोर होता, आणि तो कागद मी टाइप केला नाही.