वसुबारसेसाठी गाभण

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या शेतावरच्या शेजाऱ्यांना, हॅरल्डना, कधी भेटणार नाही.

आम्ही अमेरिकेत प्लेनो शहरात राहतो, दोघंही आयटीत. उत्तरेला तासाभरावर आमची थोडी जमीन आहे, तिथे काळ्या गाई आहेत. दुधाच्या नव्हेत, मांसाच्या जातीच्या. मराठी मंडळात आम्ही नुसतं ‘आमच्याकडे गाई आहेत’ म्हणतो आणि लोक ‘किती छान’ म्हणून पुढचं वाढून घेतात. पण हा काही कबुलीजबाब नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही.

मी अडाणी होते असं समजू नका. नवऱ्याला ट्रॅक्टरची हौस, गाई मीच बघते. कालवड वळूकडून भरवताना वय नाही, वजन बघायचं – पूर्ण वाढलेल्या गाईच्या दोन-तृतीयांश तरी भरली पाहिजे. त्याआधी गाभण राहिली, तर पोटातलं वासरू वाढत जातं आणि तिची कंबर पोरीचीच राहते. हे मी नव्याने जमीन घेतलेल्या मंडळींना मोठ्या तोऱ्यात समजावलेलं आहे.

मग मी काय केलं?

सासूबाई पुण्याहून दर वसुबारसेला फोन करायच्या. “एवढ्या गाई आहेत तुमच्या, आणि पूजा कुणाची? देवघरातल्या त्या चांदीच्या गाईची!” त्या थट्टेनेच म्हणायच्या, पण मला झोंबायचं. त्या वर्षी त्या दिवाळीला इकडेच येणार होत्या. मला त्यांना दाखवायचं होतं – खरी गाय, तिच्यापाशी खरं वासरू. त्यासाठी गाय जानेवारीत भरवायला हवी. मोठ्या गाई तेव्हा आधीच गाभण होत्या, आणि तशाही त्या माणसाला जवळ येऊ देत नाहीत. उरल्या कालवडी, आणि त्यांतली माणसाळलेली एकच – चिंगी. तिच्या आईने तिला जवळ केलं नव्हतं, म्हणून मी बाटलीने वाढवलेली. निरांजन घेऊन बायका जवळ आल्या असत्या तरी ती हलली नसती. बाटलीवरची म्हणून ती अंगानेही कमीच होती. मे महिन्यापर्यंत थांबले असते, तर सहज वजनात बसली असती.

मी तिला वजनकाट्यावर उभी केली. हव्या त्या वजनाला शंभरावर पौंड कमी पडले. वळू हॅरल्डचा होता, अन् त्यांची एकच अट असायची. त्यांनी फोनवर विचारलं, वजनात आहे ना?

मी ‘हो’ म्हटलं. अगदी सहज.

तुम्ही म्हणाल, हीच ती चूक. मीही बरेच दिवस तसंच धरून चालले होते. उत्साहात माणूस बोलून जातो – नाही का?

वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात चिंगी विताना अडली. हॅरल्ड धावत आले. डॉक्टरांनी आणि त्यांनी मिळून वासरू ओढून काढलं. वासरू जगलं. चिंगीला मात्र उठता येईना, मागचे पाय गेले होते. मी पाण्याची बादली धरली की ती मान वर करून माझा हात चाटायची. शेवटी डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं.

सासूबाई शेजारी उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. हॅरल्डनी टोपी काढली आणि मला पुन्हा विचारलं – वजनात होती ना ती?

‘हो.’

मग माझ्याच वळूचा दोष, ते म्हणाले. मोठी वासरं देतोय. त्यांनी माझी माफी मागितली. आणि म्हणाले, तुझ्या सासूबाईंनाही तुमच्या भाषेत सांग, मला फार वाईट वाटतंय.

मी सांगितलं. शब्द न गाळता, स्वच्छ मराठीत. सासूबाई म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, तुमचा काय दोष? तिचं नशीब हो.” मी तेही इंग्रजीत करून त्यांना सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मध्ये मी उभी होते, आणि खरं काय ते फक्त मलाच माहीत होतं.

हॅरल्डनी पुढच्याच आठवड्यात वळू लिलावाला नेला. तिथून असे वळू कुठे जातात, ते मला सांगावं लागलं नाही. त्याच्यात काही खोट नव्हती.

वसुबारस ठरल्याप्रमाणे झाली. वीसेक माणसं आली. नुसत्याच वासराला ओवाळलं. “सो क्यूट यार, एक फोटो घे ना,” असं चाललं होतं. त्याला बाटलीने दूध पाजताना सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी उपासही केला. गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी, दुधाचा थेंब नाही.

ते वासरू आता भरवायच्या वयाची कालवड झालंय. गेल्या आठवड्यात तिचं वजन केलं, हवं त्याहून बरंच जास्त आहे. हॅरल्डना कळवलं, तर म्हणाले, या वेळी लहान वासरं देणारा वळू मी स्वतः निवडून आणतो. मागच्या वेळी माझ्यामुळे तुझं नुकसान झालं.

मी ‘थँक यू’ म्हटलं.