ओलेटाचा अंगठा

क्रायडरांच्या घरात नवरा-बायकोचं भांडण म्हणाल तर एकच होतं, पण ते लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून पुरलं होतं. बाकी सगळ्या बाबतीत व्हर्लिन बायकोचं ऐकायचा. चर्चला कोणता सदरा घालायचा, कोंबड्यांचं खुराडं कुठे हलवायचं, कोणत्या भावाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, हे सगळं ओलेटा ठरवायची आणि तो मान डोलवून मोकळा व्हायचा. रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की मात्र या गरीब माणसाला वाचा फुटायची.

ओलेटाचं रिव्हॉल्व्हर सिंगल अ‍ॅक्शन. म्हणजे प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप दाबायचा. व्हर्लिनचं डबल अ‍ॅक्शन. त्यात नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो, काडतुसांची चकरी फिरते आणि बार उडतो. शहाण्या माणसाला यात भांडण्यासारखं काही दिसणार नाही. पण अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात धडधाकट रायफल घरी ठेवून रिव्हॉल्व्हरनं हरीण मारायला निघणारी माणसं मुळातच हट्टी असतात, आणि त्यातली दोन एका छपराखाली आली होती.

"आधी विचार, मग घोडा, मग चाप," ओलेटा म्हणायची. "तुझ्या यंत्रात विचाराला जागाच नाही. बोट हलवलं की झालं."

"ज्यांना विचार करायला वेळ लागतो त्यांच्यासाठी तुझं बरं आहे," व्हर्लिन म्हणायचा. "आणि माझ्यातसुद्धा घोडा अंगठ्यानं ओढता येतो. मला दोन वाटा आहेत, तुला एकच."

"ज्याला वाट माहीत असते त्याला एकच लागते."

आपला तो बाब्या, अशातला प्रकार. डॉयलच्या दुकानात कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे बंदुकांचं कपाट होतं, तिथे शनिवारी जमणारे लोक मुद्दाम काडी टाकायचे आणि दोघांची जुंपली की कॉफी पीत ऐकत राहायचे. खरं सांगायचं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. ओलेटाच्या रिव्हॉल्व्हरची मूठ बार उडाला की तळव्यात वर सरकायची, त्यामुळे हाताला हिसका कमी बसायचा. व्हर्लिनचं सरळ अंगठ्याच्या बेचक्यात धक्का मारायचं, पण दुसरी गोळी लगेच हाताशी असायची. हे दोघांनाही ठाऊक होतं. कबूल कोण करणार?

ओलेटा तशी खमकी बाई. आयुष्यभर शाळेची बस चालवली, तीही डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून, आणि आरशातून नुसती एक नजर टाकली की मागची चाळीस पोरं गप्प व्हायची. शिकारीत तिचे नियम बापाकडून आलेले. जिथवर दगड फेकता येत नाही तिथवर गोळी झाडायची नाही. आणि सहा घरांच्या चकरीत काडतुसं दोनच भरायची. एक हरणासाठी आणि दुसरं आपल्या चुकीसाठी. तिसऱ्याची गरज पडत असेल त्यानं दुकानातून मांस आणावं, असं तिचा बाप म्हणायचा. काडतुसं भरताना घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, आणि चकरी फिरली की त्याच्या लगतची जी दोन घरं आधी घोड्याखाली येतात त्यांत ती सरकवायची. हे ती डोळे मिटून करायची. दुसऱ्या कोणी तिच्या काडतुसांना हात लावलेला तिला खपत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्यात व्हर्लिनच्या लक्षात आलं, की लोणच्याच्या बरण्या आता त्याच्याकडे उघडायला येतात. आधी त्याला बरंच वाटलं. मग एकदा परसात सराव चालला असताना त्यानं पाहिलं, की ओलेटा त्याच्याकडे पाठ करून उभी आहे आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा दुसऱ्या हाताच्या तळव्यानं ढकलून मागे घेते आहे. अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजून गोटीएवढा झाला होता. ती वळली तेव्हा तो खुराड्याच्या जाळीकडे बघत होता.

डॉयलनं तिच्या रिव्हॉल्व्हरला खाली वाकलेला, रुंद कानाचा घोडा बसवून दिला. दोन आठवडे बरं चाललं, मग तोही तिला ओढवेना. ऑक्टोबरमध्ये एके सकाळी बिस्किटांवर, म्हणजे तिकडच्या मऊ पावांवर, ग्रेव्ही वाढता वाढता ती म्हणाली, "यंदा तू एकटाच जा. कोंबड्यांकडे कोणीतरी बघायला हवं."

कोंबड्यांकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. व्हर्लिननं घास गिळला. त्याला हरणाचं एवढं काही नव्हतं. पण नोव्हेंबरच्या त्या पहाटे, ओकच्या झाडाला पाठी टेकून, खांद्याला खांदा लावून, एक शब्दही न बोलता बसायचं आणि उजाडताना जंगल बघायचं, एवढंच त्याला वर्षभरातून हवं असायचं. ती नसेल तर त्या झाडाखाली बसून करायचं काय?

तो सरळ म्हणाला असता, "माझं घे," तर ती नको म्हणाली असती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तो लग्नाआधीच ओळखून होता. म्हणून त्यानं आपल्या मते फार मोठा डाव टाकला. आपलं रिव्हॉल्व्हर रिकामं करून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "याचा चाप हल्ली अडकतोय वाटतं. जरा बघ गं ओढून."

ओलेटानं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "व्हर्लिन, तुला कोंबडीसुद्धा फसवता येणार नाही."

पण तिनं ते उचललं. चकरी उघडून रिकामी असल्याची खात्री केली, भिंतीकडे नळी धरली आणि चाप ओढला. मग पुन्हा ओढला. "याला ओढायचं म्हणजे म्हशीला गोठ्यातून बाहेर काढायचं," ती म्हणाली.

"घाई केलीस तर तसं वाटतं. एका दमात ओढ, मध्ये थांबू नकोस."

"बाईला बंदूक शिकवतोय बघा."

तरी ती शिकली. रोज जेवण झालं की व्हर्लिन रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर एक रिकामं पितळी काडतूस उभं करायचा आणि ती चाप ओढायची. सुरुवातीला ते टणकन टेबलावर पडायचं. हळूहळू ते पडेनासं झालं. मग परसात खऱ्या गोळ्यांचा सराव सुरू झाला. तिथे व्हर्लिन स्वतः सहाच्या सहा घरं भरून तिच्या हातात द्यायचा. आणि तिथे सगळं बिनसलं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर दगडासारखा स्थिर असणारा हात खरी गोळी म्हटली की बार उडण्याच्या ऐन क्षणी खाली झुकायचा. कधी गोळी मधोमध बसायची, कधी कागदाच्या बाहेर जायची.

"नाचता येईना, अंगण वाकडं," व्हर्लिन सवयीनं बोलून गेला, कारण ती रिव्हॉल्व्हरला शिव्या घालत होती. बोलला आणि लगेच त्याला पश्चात्ताप झाला. ती हसली नाही.

"मी हरीण जखमी करणार नाही," ती म्हणाली. "पाय ओढत झुडपात शिरून दोन दिवस मरत राहणारं हरीण मी एकदा पाहिलंय. माझ्या हातून ते होणार नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी येईन मी. तेव्हा जर नळी झुकली तर ते शेवटचं. मग पुन्हा मला 'चल' म्हणायचं नाही. कबूल?"

व्हर्लिनला कबूल म्हणावं लागलं. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी दोघं, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसाव्यात अशा भगव्या टोप्या घालून, पिकअपमधून निघाले. तिच्याकडे त्याचं रिव्हॉल्व्हर आणि त्याच्याकडे तिचं. रस्ता संपला तिथे उतरून तिनं गाडीच्या पुढच्या झाकणावर रिव्हॉल्व्हर उघडलं आणि त्याच्याकडे पाठ करून काडतुसं भरली. जंगलात तिची काडतुसं तीच भरणार, यावर वाद नव्हता.

ओकच्या पानांवर दहिवर पडलं होतं. ती गुडघ्यांवर कोपरं टेकून बसली. ऊन वर यायला लागलं तशी खालच्या ओढ्यातून एक हरणी ओकची गळलेली फळं खात खात वर आली आणि बरोबर दगड फेकण्याच्या अंतरावर आडवी उभी राहिली. ओलेटानं नळी उचलली. व्हर्लिनला तिच्या बोटाची कातडी ताणलेली दिसली.

खट्.

हरणीनं मान वर केली. ओलेटानं पुन्हा ओढलं. खट्. हरणीचे कान त्यांच्याकडे, पण पाय जागेवर. तिसऱ्यांदा खट् झालं आणि हरणीनं शेपटीचा पांढरा झेंडा उभा करून खाली उडी घेतली. ओढ्यात दोनदा पाणी उडालं. मग पुन्हा सगळं शांत.

ओलेटानं नळी जमिनीकडे केली आणि चकरी उघडली. दोन काडतुसं जशीच्या तशी होती. व्हर्लिनला एका नजरेत कळलं. तिच्या रिव्हॉल्व्हरची चकरी उजवीकडे फिरायची, याची डावीकडे. तिनं बापाच्या पद्धतीनं भरलेली दोन काडतुसं पहिल्यांदा वर येण्याऐवजी चौथ्या आणि पाचव्या खेपेला आली असती. या डोंगरात दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण बाकीचे सगळे सहाच्या सहा घरं भरतात.

तिलाही कळलं. चेहरा लाल झाला. "म्हातारी झाले मी," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणे झालं. घरी चल."

"नळी झुकली नाही," व्हर्लिन म्हणाला.

"काय?"

"तुला वाटलं होतं की गोळी आहे. पहिल्या दोन्ही वेळा तुला खरंच वाटलं होतं. आणि तिन्ही वेळा नळी तसूभरही हलली नाही, ओलेटा. तिन्ही वेळा ती हरणी जागच्या जागी पडली असती. तूच म्हणाली होतीस, नळी झुकली तर शेवटचं. ती झुकलीच नाही."

ओलेटा रिव्हॉल्व्हरकडे बघत बसली. तिनं आयुष्यात पुष्कळांना खोटं बोलताना आरशातून पकडलं होतं. नवऱ्याकडे तिनं तशीच एक नजर टाकली, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला काही सापडलं नाही.

"ती एवढा वेळ उभी होती," ती म्हणाली. "तुझ्या हातात माझं रिव्हॉल्व्हर होतं. तू का नाही मारलंस?"

"माझं लक्ष नव्हतं तिकडे."

"मग कुठे होतं?"

"तुझ्याकडे बघत होतो," व्हर्लिन म्हणाला. "पुढच्या वर्षी इथे एकटं बसायचं कसं, या विचारानं महिनाभर माझी झोप उडालीय. हरीण गेलं खड्ड्यात."

ओलेटानं भगवी टोपी सरळ केली.

"हरीण समोर उभं, हातात भरलेली बंदूक, आणि हा माणूस बायकोकडे बघतोय," ती म्हणाली. "डॉयलच्या दुकानात हे सांगितलं तर तुला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"नको सांगूस मग."

"सांगणार आहे." तिनं हात पुढे केला. "काडतुसं दे आणखी चार."

त्यानं खिशातून काडतुसं काढून तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती एकेक करून भरली, चकरी मिटली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून पुन्हा ओकला पाठ टेकली.