चाड्यावरची मूठ आणि दहा थेंब

"पॅरॅलिसिस एजिटन्स," नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे कंपवात. मग माझ्याकडे वळून, "हा बरा होणारा आजार नाही. हात थोडा स्थिर होईल, एवढंच."

आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, बघायची मला हिंमत झाली नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. आमच्या गावी, रनाळ्यात, पेरणीच्या वेळी चाड्यावर, पाभरीच्या त्या लाकडी वाटीवर, मूठ धरावी ती आबांनीच. दोरीनं आखल्यासारखी ओळ उगवायची.

औषध मिळालं टिंक्चर बेलाडोना. धोतऱ्याच्या कुळातल्या एका झाडाचा अर्क. दिवसातून तीनदा, पाण्यात दहा थेंब. तोंड कोरडं पडेल, जवळचं अंधुक दिसेल, जास्त झालं तर भ्रम होईल, सगळं डॉक्टरांनी सांगितलं. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पंधरा दिवसांत लाळ गळायची थांबली, थरथर जरा उतरली. आबा म्हणाले, "औंदा पेरनी मीच करसू."

पेरणीच्या सकाळी हात पुन्हा हलू लागला. माझं डोकं शेतकऱ्याचं: एका टोपलीनं भागत नसेल तर दोन टोपल्या खत टाका. थेंब मोजलेच नाहीत, चमचा भरून पाजला.

दुपारपर्यंत चेहरा लालबुंद, अंग कोरडं नि तापलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या. बैलगाडीत घालून दवाखाना गाठला. खाटेवर आबा घोंगडीत चिमटीचिमटीनं पेरत होते, मधेच बैलांना हाकत होते. मी पाणी पुढे केलं तर विचारलं, "तू कोना आंडोर शे रे भाऊ?"

कुणाचा मुलगा, हे ते मला विचारत होते.

तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थेंब मोजता येत नसतील, तर औषध देऊ नका."

पेरणी शेजाऱ्यानं उरकली. आबांची मूठ पुन्हा चाड्यावर गेली नाही. आता औषधाचाही फारसा गुण येत नाही. घास मीच भरवतो.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर थेंब मोठ्यानं मोजा. आमच्याकडे आबाच मोजतात, माझ्यावर भरवसा नाही. दहा झाले की मी रोज विचारतो, "आबा, मी कोन शे?"

जीभ जड झालीय, वेळ लागतो. मी वाटी धरून थांबतो.

"येडा शे," ते म्हणतात, "पन मन्हा आंडोर शे."