आबांनी पुसलेली हिरवी काच

शनिवारी संध्याकाळी हुपरीहून माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, व्हिडिओ कॉल आला. तेव्हापासून माझं डोकं चालेना झालंय... म्हणून इथं लिहितोय.

मी बेंगळुरूला जुन्या कॉम्प्युटरच्या भंगार गोडाऊनमध्ये कामाला आहे. तिथं एक टर्मिनल सापडलं. म्हणजे जाड काचेचा डबा आणि पुढं कीबोर्ड. त्याला स्वतःचं डोकं नाही, दुसरीकडून पाठवाल तेवढं हिरव्या अक्षरांत दाखवणार, बास. मी आठवी नापास... आमचं लगेच जमलं.

गोडाऊनमधल्या एका अण्णानं त्याला छोटं सर्किट बसवून दिलं. आता मी इथून मोबाईलवर टाईप केलं की ते घरी काचेवर उमटणार. बसमध्ये मांडीवर घेऊन डबा गावी नेला.

आमच्या घरात चांदीची पैंजणं बनतात. ते काम सोडून मी पळालो, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आबा, म्हणजे वडील, माझ्याशी बोलत नव्हते. फोन दिला तरी घ्यायचे नाहीत. म्हटलं, काचेवरचं तरी बघतील... म्हणून त्यांच्या पॉलिशच्या मशीनशेजारीच ठेवलं.

आबा अक्काकडं बघून म्हणाले, "ह्याला सांग, माझ्या वाटंत यायचं न्हाय." डब्याला म्हणाले की मला, तेही कळलं नाही.

परत आल्यावर रोज काहीतरी पाठवायचो. सकाळी इंग्रजी अक्षरांत चांगभलं. कधी टिंबांची चालती मुंगी, कधी अक्काला कोडं. अक्का हसायची. आबांचं विचारलं की म्हणायची, ते कुठलं बघत्यात.

आणि शनिवारचा तो कॉल... अक्कानं मोबाईल नुसता आत, आबांकडं धरला होता. आबा डब्यासमोर मांडी घालून काच पुसत होते. अगदी हळू, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. मग फडकं घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

चांदीच्या कामात पॉलिशची धूळ कुणी टाकत नाही, केरसुद्धा जपतात. त्यातनं चांदी निघते. आणि जुनी काच चालू असली की धूळ ओढून घेते... हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात आबांनी मोबाईल बघितला आणि अक्काच्या हातातनं घेतला. मला वाटलं, आता शिव्या.

"तिथनं बंद करू नगंस. चालू असलं की धूळ चांगली धरतंय." मग काचेकडं बोट केलं. "आणि ते इंग्लिशमधी काय लिवतोस? पुसताना वाचाय येत न्हाय मला."

फोन ठेवलासुद्धा.

आता त्या यंत्राला मराठी येत नाही. मग काल सुट्टीच्या दिवशी, आई दारात रांगोळीचे ठिपके जोडते तसे, स्टार जोडून जोडून मोठी अक्षरं केली. सात वेळा बिघडली. आठव्यांदा पाठवलं... "आबा, जेवला का?"

संध्याकाळी अक्काचा मेसेज आला. आबांनी काच दोनदा पुसली म्हणे.

पण काल घरीही कामाला सुट्टी होती. मशीन बंद. मग एवढी धूळ आली कुठनं?... मला काही सुधरत नाही. डबड्या, तुझे लई उपकार.