विरळ हवेतला ट्रक

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तो ट्रक चालवायचा आणि मी चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात इंजिनांची कामं करायचो. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो: दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि मी. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापायला लागली होती. गिरणीतून सुटलेली माणसं घरी न जाता थेट सभेला जायची. दादा मात्र कुठल्याच सभेला नसायचा. तो कायम कुठल्या तरी रस्त्यावर असायचा.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याच्या कंत्राटदाराने एक परदेशी ट्रक घेतला. त्याला क्लचचं पेडल नव्हतं, गियर आपोआप पडायचे. श्रीनगरच्या वर घाटात रस्त्याचं काम चालू होतं, तिथे बर्फ पडायच्या आत सिमेंट पोचवायचं होतं. ट्रक तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तो पूर्ण भरून बोरघाटात नेला. दादा शेजारी बसला होता. ट्रक काही कुरकूर न करता चढला.

"हाच सगळं करणार, मग मी काय करू रे?" दादाने विचारलं.

"तू नुसतं स्टिअरिंग धर. बाकी तो बघेल."

बोरघाट दोन हजार फूट. दादा जाणार होता तो घाट दहा-बारा हजार. आकडा मला माहीत होता, पण मी त्यावर थांबून विचार केला नाही.

दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. वहिनीला वाचता येत नसे. ती पदर खोचून माझ्यासमोर बसली. "ह्यांनी काय लिवलंय?"

खुशाली मी मोठ्याने वाचली. पुढचं मनातच वाचलं. "वर गाडी दमते. पेडल तळाला टेकवलं तरी ओढत नाही. काळा धूर सोडते. चढावर गियर वर पडतो, गाडी बसते, लगेच खाली पडतो, परत वर. मैलभर हेच. गियरच्या तेलाला जळका वास येतो. काय करू ते लवकर कळव."

मला वाचता वाचताच सगळं उमगलं. वर हवा विरळ. पेट्रोल मुंबईच्या मापाने जात होतं आणि ते जाळायला पुरेशी हवाच नव्हती. इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद गेलेली. गियरबॉक्सला ते ठाऊक नसतं. जरा वेग आला की तो वरचा गियर टाकणार, तो इंजिनाला पेलणार नाही, की पुन्हा खाली. या ओढाताणीत तेल तापतं आणि आतल्या चकत्या घसरून जळतात.

उपाय दोन होते. कार्ब्युरेटरला बारीक भोकाचे जेट बसवायचे, म्हणजे पेट्रोल कमी जाईल; ते मला इथे बनवून पाठवावे लागणार होते. दुसऱ्याला काहीच लागत नव्हतं. चढ लागायच्या आधी गियरचा दांडा हाताने खालच्या खाचेत ओढायचा आणि माथा येईपर्यंत तिथेच ठेवायचा. एवढंच. एका तारेत मावलं असतं.

मी तार केली नाही. म्हटलं, जेट आणि चिठ्ठी एकत्रच पाठवू, सगळं नीट समजावून. जेट बनवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फोर्टात मोर्चावर गोळीबार झाला. लालबाग-परळ पेटलं. रस्त्यांवर दगडांचे ढीग, नाक्यानाक्यावर पोलीस, पोस्ट बंद. आमच्याच चाळीतल्या एकाच्या मांडीत गोळी लागली होती. त्याला खाटेवर घालून इस्पितळात नेणाऱ्यांत मीही होतो. पार्सल माझ्या पेटीत पडून राहिलं.

पोस्ट उघडलं त्या दिवशी मी रांगेत पहिला होतो. पार्सल गेलं. चौथ्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस चाळीत आला. दादा गेल्याचं त्याने मला जिन्यातच गाठून सांगितलं.

पुढे दादाच्या सोबतच्या पंजाबी ड्रायव्हरने हिंदीत पत्र लिहिलं. भर चढावर गियर जळाला. इंजिन चालू होतं, पण चाकांना ओढ नव्हती. ट्रक मागे घसरायला लागला, ब्रेक धरेनात. मागे सिमेंटच्या गोणींवर सहा मजूर बसले होते. दादाला उडी मारता आली असती. तो आतच बसून राहिला आणि त्याने ट्रकची मागची बाजू डोंगराकडे वळवली. ट्रक आपटून उलटला. मजूर बाहेर फेकले गेले, हातपाय मोडले, पण सगळे वाचले. दादा केबिनखाली सापडला.

पुढच्या उन्हाळ्यात कंत्राटदार तसाच दुसरा ट्रक वर पाठवणार होता. मी म्हटलं, मी स्वतः जातो. त्या पंजाबी ड्रायव्हरने मला ते वळण दाखवलं. दहा पावलं चाललो तर मलाच धाप लागली. मी जेट बदलले नाहीत. मुद्दाम. नुसता दांडा पुरला असता का, ते मला बघायचं होतं. ट्रक तसाच भरला, दांडा खालच्या खाचेत ओढला आणि निघालो. काळा धूर सोडत, माणसाच्या चालीने, ट्रक माथ्यापर्यंत गेला. उतरल्यावर मला उलटी झाली. ड्रायव्हरला वाटलं, उंचीमुळे.

घरी आलो तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होती. मी पत्रातला न वाचलेला भाग तिला वाचून दाखवला, मग बाकीचं सांगितलं. पेटीत पडून राहिलेलं पार्सल, न केलेली तार, सगळं.

"म्हणजे भावजी, नुसता दांडा वढायचा होता?"

"हो."

"आनि ह्ये तुमाला त्याच दिवशी म्हायत होतं?"

"हो, वहिनी."

ती तांदूळ निवडत राहिली. सूप भरत आलं तसं तिने ते बाजूला ठेवलं आणि मुलीला हाक मारली, जेवायला वाढलं. मलाही वाढलं.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तशी ती मुलीला घेऊन माहेरी, कोकणात निघाली. भाऊच्या धक्क्यावर मी बोचकी उचलून दिली. मुलगी कठड्याला धरून हात हलवत होती. वहिनी तिच्यामागे उभी होती. बोट सुटेपर्यंत ती बोचकी मोजत होती.