उलाळ

आधीच सांगतो, मी मशीनवाला माणूस आहे. लातूरला आयटीआय केला, डिझेल मेकॅनिकचा. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतं — कचरा, पाणी, हवा, नाहीतर मालकाचा चिकटपणा. लिंबू-मिरची बांधून चालू झालेलं इंजिन मी आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळे इथं या ग्रुपवर लोक जे चमत्काराचे अनुभव लिहितात ते वाचून मी हसायचो, अजूनही बऱ्याचदा हसतो. पण हे एक लिहून टाकतो. कारण आमच्या गावानं आता या प्रकरणाचं पार कीर्तन करून ठेवलंय आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. प्यायला घोटभर पाणी नव्हतं, पण उदगीर वेगळा जिल्हा व्हावा की नाही यावर चौकात भांडायला मात्र लोकांच्या घशात भरपूर ओल होती. मी त्याआधीच गाव सोडून पालघरला गेलो होतो. तोही जिल्हा नवाच, ठाण्यातून फुटलेला. तिथं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायच्या इंजिनांच्या दुरुस्ती-दुकानात लागलो आणि दुरुस्ती करता करता बोट चालवायलाही शिकलो. तिथले लोक मला ‘दुष्काळी तांडेल’ म्हणायचे. तांडेल म्हणजे बोट हाकणारा मुख्य गडी. चेष्टाच होती, पण खोटी नव्हती.

घरी वडील, म्हणजे आण्णा, आणि माझी थोरली बहीण. आक्का नवऱ्यानं पाठवून दिल्यापासून माहेरीच. त्या वर्षी कडबा मिळेना म्हणून आण्णांनी बैलजोडी विकली आणि थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आक्का त्यांचं सगळं करायची… भरवणं, पुसणं, कूस बदलणं. एका घागरीत अख्खा माणूस कसा धुवायचा ते तिला विचारा. फोनवर तिचं एकच असायचं, “एकदा माझं नाव घिऊ दे रं त्यांना. मग न्हाई बोलले तरी चालंल.”

आता तो दिवस. पावसाळ्याची मासेमारी बंदी जवळ आली होती, त्यामुळे जो तो शेवटची फेरी मारायच्या घाईत. काशीनाथ नावाचा एक कोळी, माझ्याहून वयानं मोठा, त्याची फायबरची बोट आणि मागच्या फळीवर दोन आउटबोर्ड. तिसरा गडी तापानं घरी होता, म्हणून आम्ही दोघंच गेलो. किनारा दिसेनासा होईल इतके बाहेर. दुपारी आभाळ काळं झालं, वारा फिरला. घाईघाईनं जाळं ओढलं आणि परत निघालो. लाटा पाठीमागून.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट जोर असं लोकांना वाटतं. जोर असतो, पण वजनही सगळं मागं असतं. आणि दोघांनी सारखं ढकललं पाहिजे, नाहीतर बोट एका अंगाला फिरते. त्यात मागून लाट असली की तिच्याच चालीनं पळावं लागतं. पुढं गेलात तर नाळ, म्हणजे बोटीचं नाक, पुढच्या लाटेत घुसतं. मागं राहिलात तर लाट मागून आत.

आमचं डावं इंजिन खोकायला लागलं. पेट्रोलमध्ये पाणी. मग बंदच पडलं. वेग उतरला आणि पहिली लाट मागच्या फळीवरून आत आली.

मी काय केलं? उजव्याचा थ्रॉटल पूर्ण ओढला. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार. बोट डावीकडं फिरायला लागली आणि मागची बाजू आणखीच खाली बसली. दुसरी लाट. आता पोटऱ्यांपर्यंत पाणी, पेट्रोलचा कॅन तरंगतोय. काशीनाथ देवीचं नाव घेत डब्यानं पाणी उपसत होता. आणखी एक तशीच आली असती तर चालू इंजिनही बुडालं असतं, आणि आम्हीही.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून कुणीतरी खेकसलं —

“आंधळ्या, उलाळ झालीया! वझं म्होरं घे!”

उलाळ हा बैलगाडीवाल्यांचा शब्द. मागं ओझं जास्त झालं की गाडी मागं बसते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. लहानपणी ओढ्याच्या चढाला आण्णा नेमकं असंच खेकसायचे आणि मी पळत जाऊन पुढं, जुवाजवळ बसायचो.

माझ्या पाठीमागं दोन इंजिनं होती, आणि त्यामागं समुद्र. वळून बघायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. पण डोकं चालू झालं. बर्फाची पेटी, ओलं जाळं, माशांच्या टोपल्या, सगळं मागं पडलेलं होतं, कारण जाळं तिथूनच ओढलेलं. मी काही सांगायच्या आत काशीनाथ पेटीला भिडलाही होता. त्यानं पेटी मधे लोटली, मागोमाग जाळं. मी थ्रॉटल कमी केला आणि मागची बाजू हळूहळू वर आली. दोन लाटांमधली फट बघून नाळ लाटांकडं वळवली. तशी धरून ठेवायला एक इंजिन पुरतं. मग काशीनाथला बोट धरायला दिली, फिल्टरमधलं पाणी काढलं, डावं चालू केलं. वारा पडल्यावर परतलो.

खाडीत शिरल्यावर काशीनाथ म्हणाला, “मगाशी वरडलास, ते उलाल काय रं? आमच्यात नाय हा शब्द.”

“तू ऐकलंस?”

“ऐकलं म्हनून तर पेटी ढकलली. पन तू बोललास कसा? माजं तोंड तुज्याकडंच होतं. तुजं तोंड तं बंद होतं.”

फोनला रेंज आली तर आक्काचे कॉल पडलेले. लावला.

“आण्णा बोलले,” ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

दुपारी टँकर आला, तशी ती घागरी घेऊन पळाली होती. शेजारच्या मुमताजभाभी तेवढ्यापुरत्या आण्णांजवळ बसल्या. आण्णा एकदम अर्धे उठले, म्हणे, तोंड लालबुंद, आणि ओरडले.

“काय ओरडले?”

“वझं म्होरं घे म्हणले. उलाळ झाली म्हणं. भाभीला वाटलं, तिलाच बाजंवरून उठ म्हणायलेत. मी येईस्तोर परत आडवे. लई हलवलं रं मी. न्हाई बोलले.”

मी तिला बोटीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

पुढं एका डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, लकव्याच्या पेशंटच्या तोंडून कधी कधी अंगवळणी पडलेलं एखादं वाक्य अचानक निघतं. ठीक. माझ्या घाबरलेल्या डोक्यानं लहानपणचं काही वर काढलं असेल. तेही ठीक. नेमकं त्याच दुपारी, हाही योगायोग म्हणू. पण काशीनाथनं कुठून ऐकलं? तो माणूस जन्मात बैलगाडीत बसलेला नाही. इंजिन असतं तर खोलून तरी बघितलं असतं.

आण्णा त्या पावसाळ्यात गेले. मधल्या काळात एक अक्षर बोलले नाहीत. गावात आता सांगतात — बापाची माया बघा, तिथून समुद्रावरच्या लेकाला हाक दिली! मला पुण्यवान म्हणतात. ऐकून संताप येतो. पळून गेलेला मी, आणि पुण्यवानही मीच. या सगळ्या गोष्टीत आक्काचं नावसुद्धा कुणी घेत नाही. टँकरवर गेलेली बाई, एवढंच काम तिला दिलंय.

गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. आक्का भाकरी करत होती. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं,

“खरं सांग. कसे बोलले तुला? मायेनं का रागानं?”

“रागानं,” मी म्हणालो. “आंधळ्या म्हणले.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“मला रागानं बी चाललं असतं,” ती म्हणाली.