अश्रू मागणाऱ्या बाई

त्या बाईंबद्दल सुतारकाकांना ठाऊक होतं ते एवढंच: चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, चहा बिनसाखरेचा, आणि एकदा हसायला लागल्या की थांबत नसत. घर कुठे, घरी कोण, काही नाही. एवढ्याशा ओळखीवर माणसाबद्दल सांगायला बसणं म्हणजे दोन खिळ्यांवर कपाट टांगणं. पण काकांचा डोळा त्यांच्यामुळे वाचला, तेव्हा सांगायलाच हवं.

झालं असं, पटाशी चालवताना कपची उडाली आणि काकांच्या उजव्या बुबुळाला ओरखडा पडला. तो डोळा म्हणजे काकांचं मुख्य हत्यार. डावा मिटून उजव्याने फळीची कड बघायची, केसभर बाक असला तरी सांगायचा. तीस वर्षांत फूटपट्टी लागली नव्हती. थेंब घातले, चार दिवसांत जखम भरली. पण पंधरा दिवसांनी सकाळी पापणी उघडली आणि पुन्हा तीच कळ. असं तीनदा झालं. फळीची कड धुक्यात गेल्यासारखी दिसू लागली.

काकू म्हणाल्या, "आता भाजी चिरा. वाकडी झाली तरी चालते."

काका हसले नाहीत.

डॉक्टरांनी खालच्या खोलीत, अश्रू तपासणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी अडकणारा ड्रॉवर हिसडून कागदाची बारीक पट्टी काढली, ती खालच्या पापणीत अडकवली आणि म्हणाल्या, "हं, रडा."

"मागून कुठे रडू येतं का?"

"बाहेर कोण बसलंय?"

"बायको."

"मग बोलावू का आत?"

काकांना असं हसू फुटलं की पट्टी तेवढ्यातच भिजली.

तपासणी झाल्यावर बाईंनी काकूंनाही आत घेतलं. "अश्रूंत एक विकर जास्त आहे. एन्झाइम म्हणतात ते."

"जंतू?" काकांनी विचारलं.

"छे, तुमचेच कामगार. जखम झाली की कडेच्या पेशी सरकत येऊन भोक झाकतात. सरकायचं तर आधी जुनी बांधणी सोडवावी लागते, ते काम यांचं. ते नसतील तर जखम भरायचीच नाही."

"मग भांडण कशाचं?"

"काम संपलं तरी हे घरी जात नाहीत. नवी कातडी जिथे चिकटू बघते, तिथलेही धागे कापत बसतात. रात्री ती पापणीला चिकटते, सकाळी पापणीबरोबर उचलून येते."

"आमचा रंगारी अगदी असाच," काका म्हणाले. "रंग लावून झाला की खरवडत बसतो."

"त्यांना आवरायची गोळी डॉक्टर देतील. झोपताना मलम घाला. पण तुम्ही स्वतः डोळ्याला काही करत नाही ना?"

काका खुर्चीचा पाय न्याहाळू लागले. काकूंनी उत्तर दिलं, "दिवसातून दहा वेळा आरशापुढे पापणी ताणून बघतात, भरली का म्हणून. मग चोळतात."

"काका, सरस लावलेला सांधा सुकला का, हे तुम्ही उघडून बघता?"

याच चुकीपायी काकांनी दोन कारागीर हाकलले होते.

"सांध्यावर शिकंजा किती वेळ आवळून ठेवता?"

"रात्रभर."

"इथे तीन महिने ठेवायचा."

काकूंनी घरातले आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवले. काका अंदाजाने दाढी करत. मिशीची एक बाजू तेवढी त्यात गेली. पण पहाटेची कळ हळूहळू विसरायला झाली.

तीन महिन्यांनी पट्टीचा निकाल ठीक आला. ती पट्टी ठेवायला बाईंनी ड्रॉवर ओढला, तो नेहमीसारखा अडकला. काकांनी तो बाहेर काढला, खिडकीकडे धरला आणि डावा डोळा मिटला.

"इथे. केसभर बाक आहे."

बाईंनी फूटपट्टी लावून पाहिली. होता. काकांनी खिशातल्या काचकागदाने कड घासली आणि ड्रॉवर सरसर आत गेला. पुढच्या खेपेला तिथे दुसऱ्याच बाई होत्या, म्हणून त्या दिवशीचं बोलणं शेवटचं ठरलं.

"हळू ओढा हं आता," काका म्हणाले. "सवयीने जोर लावाल, तर हातात येईल."

"बरं. आणि जाताना दार ओढून घ्या, पट्ट्या उडतात."

"घेतो."